हायड्रेंजियाचा खोडवा

मी एका भिंतीवर जळत होतो. माणसं माणसांवर जळतात, शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, भावाच्या बागायतीवर जळतात. माझी मजल भिंतीपर्यंत गेली.

ही भिंत कुन्नूरला आहे, निलगिरीच्या डोंगरात. माझा जावई आदर्श तिथं एका चहाच्या कंपनीत मॅनेजर आहे. कंपनीनं त्याला राहायला जुना बंगला दिलाय आणि त्या बंगल्याच्या उत्तरेच्या भिंतीवर हायड्रेंजियाचा वेल चढलाय. आपल्याकडं हायड्रेंजिया म्हटलं की महाबळेश्वरच्या नर्सरीतली, निळ्या-गुलाबी गड्ड्यांची कुंडी आठवते. हा तसला नव्हे. हा भिंतीला बारीक मुळं रोवत दोन मजले वर जातो आणि उन्हाळ्यात ताटलीएवढ्या पांढऱ्या, चपट्या फुलांनी भरतो. त्या भिंतीखाली एक बाक आहे. त्या बाकावर रोज दुपार कलल्यावर माझी बायको पद्मावती चहाचा कप घेऊन बसते.

पद्मावती तिकडं गेली ती आमच्या सोनलच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांत येते म्हणाली. नात पालथी पडली, रांगली, चालायला लागली, आया-बायांकडून तमिळ शिकून मला फोनवर 'पो, पो' म्हणजे 'जा, जा' म्हणायला लागली, तरी आजीचा मुक्काम हलेना. मधे पर्युषणाला किंवा भावकीतल्या एखाद्या लग्नाला यायची, पंधरवडा राहून परत. फोन केला आणि काय चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं.

"बसलेय की भिंतीखाली. फुलं बघत."

फुलं नसायची त्या महिन्यातसुद्धा ती भिंतीखालीच बसलेली असायची. ही गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात यायला हवी होती. पण लक्षात येण्याचं खातं माझ्याकडं कधीच नव्हतं; माझं खातं सल्ल्याचं.

मी जिनेंद्र मगदूम, एका साखर कारखान्याचा निवृत्त शेतकी अधिकारी. सबंध नोकरी ऊसवाल्यांना शहाणपण शिकवण्यात गेली. कुठलं बेणं लावा, लागणीला काय टाका, पाणी कधी, भरणी कधी, तोड कधी. लोक मान खाली घालून ऐकायचे. ते माझ्या ज्ञानापुढं मान घालतात असा माझा पक्का समज होता. खरं तर त्यांचा ऊस कारखान्यात कधी जाणार, ती नोंद माझ्या हातात होती. निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्यानं मला बोलता बोलता मधेच थांबवून, "बरं, येतो," म्हणून गाडीला किक मारली. त्या दिवसापासून माझे सगळे सल्ले घरात वळले. घरात ऐकायला एकच माणूस होतं.

एके दिवशी सोनलचा फोन आला. "अप्पा, कोल्हापूरचं घर भाड्यानं द्या आणि तुम्हीपण या इकडं. आई इथं रमलीय."

"मी कोल्हापूर सोडून डोंगरात काय करू?" मी भडकलो. "तिथं मला ओळखतं कोण? इथं रस्त्यानं निघालो की चार माणसं 'सायब' म्हणून हाक मारतात."

चार म्हणजे दोनच. त्यातला एक शेजारी आकाराम, आणि तो कुत्र्यालाही 'सायब' म्हणतो.

मग फोन पद्मावतीनं घेतला. मला वाटलं आता ती समजूत काढेल, नाहीतर भांडेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "नसेल जमत तर राहू द्या की. तुम्ही तिथं राहा, मी इथं राहते. पुढच्या मे महिन्यानंतरच्या मे महिन्यात घरभरणीला माझ्या बहिणीकडं यायचंच आहे मला. तोवर मधे काही येत नाही, तुम्ही बघा विचार करून. मग काय ते एकदा ठरवून टाकू."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणारी बायको घरी येते. मी व्हरांड्यात बसून राहिलो, विचार करता करता सूर्य मावळला, म्हणजे त्या दिवशीचं जेवणही गेलं. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. उपाशी पोटी मला जी काही अक्कल सुचली ती अशी: बायको तिथं फुलांसाठी बसलीय. मी शेतीचा पदवीधर आहे. फुलं इथं आणावीत. बायको आपोआप येईल.

आदर्शला गुपचूप फोन केला. त्याच भिंतीवरच्या वेलाची मुळं धरलेली फांदी पाठव, आणि सासूबाईंना कळता कामा नये. जावई चांगला आहे, हसला नाही. निदान फोनवर तरी.

"अप्पा, कोल्हापूरची थंडी त्याला पुरेल असं वाटत नाही. पण बघा लावून," तो म्हणाला. "सावलीची भिंत द्या. मुळाशी ओल राहू द्या. पहिली दोन-तीन वर्षं तो नुसता बसल्यासारखा दिसतो, घाई करू नका. आणि छाटायचं मात्र नाही हं."

हे मला कोण सांगतंय, तर चहावाला. ज्यांच्या मळ्यात बाराही महिने झाडाची शेंडी खुडण्यापलीकडं दुसरं काम नसतं, ते मला सांगणार छाटू नका! मी हो हो म्हटलं आणि विसरून गेलो.

फांदी आली. खोक्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेली, चार पानांची. आमच्या घराची उत्तरेची भिंत आकारामच्या कंपाउंडकडं तोंड करून आहे. तिथं दीड फुटाचा खड्डा घेतला, शेणखत भरलं, आणि फांदी लावून उभा राहिलो तोवर कंपाउंडवरून डोकं वर आलं. आकाराम उचगावचा. तिथं त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि दिवसभर चालू मोटारीवरून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय असल्यानं घरीही तो त्याच आवाजात बोलतो.

"काय ओ सायब, ह्ये काय लावलायसा?"

"हायड्रेंजिया. वेल आहे."

"खायचं हाय का?"

"फुलाचं आहे."

"आन् फुलं कवा येणार?"

"दीड-दोन वर्षांत," मी ठोकून दिलं.

"दोन वर्सांत!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "तवर आमच्या पोराचं लगीन होऊन त्याला पोरगं हुईल की!"

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय इलाज नाही. जन्मभर मी एकच पीक पाहिलं. मला ते एकच करता येतं. मी त्या नाजूक डोंगरी वेलाला ऊस समजून वाढवायला घेतलं. लागणीचा डोस दिला. महिन्यानं युरिया दिला. दीड महिन्यानं बुंध्याला माती लावून बाळबांधणी केली. तुरीच्या डाळीएवढं जरी पान पिवळं दिसलं तरी मी वाटीत काहीतरी कालवून घेऊन हजर. रोज सकाळी पट्टी घेऊन उंची मोजायचो आणि ती वाढलेली नसायची. वेल बिचारा भिंतीला टेकून गप्प बसून होता. आदर्शनं सांगितलंच होतं की तो बसणार. पण माझ्या हाताखालचं कुणी नुसतं बसलेलं मला कधी सहन झालेलं नाही.

पावसाळ्यात गोगलगायी आल्या. या मोठ्या, शंख घेऊन फिरणाऱ्या गोगलगायी अलीकडं आपल्याकडं फार झाल्यात. एका रात्रीत त्यांनी दोन पानं चाळणीसारखी केली. नोकरीत असताना मी गावोगाव जाऊन, हे टाका, ते फवारा, असं घसा फोडून सांगत होतो. पण ती शेतं दुसऱ्यांची होती आणि हातही दुसऱ्यांचे. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं, आणि तेही चातुर्मासात, जीव मारायचा म्हटल्यावर मला माझी आई आठवली, देवळातले महाराज आठवले, आणि हात पुढं जाईना. म्हणून रोज उजाडलं की चिमट्यानं एकेक गोगलगाय बादलीत घ्यायची, बादलीवर फडकं टाकायचं, आणि गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन हलकेच सोडायची. एवढा मोठा माणूस बादली घेऊन रोज कुठं जातो, याची गल्लीत चर्चा सुरू झाली.

"सायब," आकाराम एकदा ओरडला, "तुमच्या त्या गोगलगायी माघारी तुमच्याच गेटाकडं निघाल्यात! वाट पाठ झालीया त्यास्नी!"

मी बादली घेऊन पुन्हा बाहेर पडलो. त्या पावसाळ्यात माझं वजन उतरलं आणि साखर आटोक्यात आली. गोगलगायींनी माझं जेवढं भलं केलं तेवढं डॉक्टरांनी केलं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र वेल उठला. इतका युरिया पोटात गेल्यावर मेलेलंही उठेल. पानं तळहाताएवढी झाली, भिंतीला मुळं रोवत तो खिडकीच्या वर गेला. मी रोज पद्मावतीला फोन करायचो, पण वेलाबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. गुपित पोटात ठेवून बोलण्यात एक मजा असते. तिनं विचारावं, काय करताय, आणि मी म्हणावं, काही नाही, बसलोय. मग मी तिला सांगायचो की गॅस नीट बंद करत जा, थंडीत सकाळी बाहेर पडू नकोस, लेकीच्या संसारात फार लक्ष घालू नकोस, चष्म्याचा नंबर तपासून घे. ती, "बरं, बरं," म्हणायची. फोन तिच्याकडूनच आधी संपायचा. मला वाटायचं तिकडं रेंज नसेल.

उन्हाळा आला, पावसाळा गेला, वेलावर पानं होती, फूल एकही नव्हतं. आकाराम रोज सकाळी दात घासत कंपाउंडपाशी यायचा. "फुटलं का?" मी मान हलवायचो. "मला तर ह्यो अळूच वाटाय लागलाय बघा. वड्या तरी करा."

मग हिवाळ्यात वेलाची पानं झडली. नुसत्या काड्या राहिल्या, भिंतीला चिकटलेल्या. टोकांना जाड, तपकिरी गाठी. मे महिना समोर दिसायला लागला. पद्मावती येणार, 'काय ते' ठरवणार, आणि माझ्याकडं दाखवायला वाळक्या काड्या. काहीतरी करायला पाहिजे होतं. आणि नेमका तो हंगाम तोडीचा. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, हवेत गुऱ्हाळाचा वास, आणि माझ्या अंगात जुना अधिकारी शिरला.

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडला की पीक संपत नाही. बुडखा जमिनीत तसाच राहतो, त्यातून नवे फुटवे फुटतात आणि न लावता दुसरं पीक येतं. त्याला खोडवा म्हणतात. खोडवा जोमात यायचा असेल तर तोड फेब्रुवारीच्या मध्याच्या आत व्हायला हवी आणि कोयता जमिनीलगत चालायला हवा; वर बुडखे ठेवले की फुटवा कमजोर येतो. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलतो, असं पद्मावती सांगते.

मी कोयत्याला धार लावली.

"सायब, काय कराय लागलायसा ह्ये?" आकारामचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"खोडवा राखतोय," मी म्हणालो आणि त्याला कंपाउंडच्या अलीकडून बराच वेळ व्याख्यान दिलं. जुनी काडी म्हणजे नुसता भार, नवा फुटवा म्हणजे ताकद. आकाराम ऐकत होता. मी खाली वाकलो आणि दीड-पावणेदोन वर्षं भिंतीला धरून वर गेलेला वेल जमिनीलगत साफ कापला. भिंतीवरून ओढून काढताना त्याची मुळं चर्र चर्र सुटत होती. काड्या बारीक करून बुंध्याशी पसरल्या, कारण तोडीनंतर उरलेलं पाचट जाळायचं नसतं, कुजवायचं असतं. मग फोटो काढून आदर्शला पाठवला. खाली लिहिलं, 'खोडव्याची तयारी. मे महिन्यात बघ.'

बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला.

"अप्पा, टोकांना जाड गाठी होत्या का?"

"होत्या की. फुटव्याचे डोळे होते. चांगले जोरकस."

"ते डोळे नव्हते, अप्पा. बहुतेक कळ्या होत्या." तो फार हळू बोलत होता. दवाखान्यातून फोन करताना माणसं बोलतात तसा. "हा वेल जुन्या काडीवरच फुलतो. तुमच्याकडं फुलल्या असत्या की नाही, मला सांगता येत नाही. पण आल्या होत्या."

"आता?"

"आता नवी काडी येईल, ती जुनी व्हायला पाहिजे. दोन-तीन वर्षं धरा."

मी बाहेर जाऊन बुंध्याशी बसलो. पाचटात हात घालून एक गाठ शोधून काढली आणि नखानं सोलली. आत तांदळाच्या कणीहूनही बारीक, हिरवे मणी होते, एकमेकांत घट्ट दाटीवाटीनं बसलेले. उद्याची आख्खी ताटली आत घडी घालून ठेवलेली होती. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस हातात नखाएवढी कळी घेऊन कंपाउंडशी रडतोय, हे आकारामनं पाहिलं असणार, कारण त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही.

मे महिन्यात पद्मावती आली. आल्या आल्या घरभर हिंडली, फ्रिज उघडला, नाक मुरडलं, आणि मग मागं गेली. तोवर खोडव्याला फुटवे आले होते, हे मान्य करायला पाहिजे. गुडघ्याएवढा हिरवागार झुपका. फुलाचं नाव नाही. तो दिसू नये म्हणून मी त्याच्यासमोर स्कूटर आणून लावली होती.

"स्कूटर इकडं कशाला लावलीय?"

"उन्हाची," मी म्हणालो. "पुढं ऊन फार असतं."

एवढ्यात कंपाउंडवर डोकं आलंच. "वैनी, कवा आलासा? बघितला का न्हाय येल? तुमच्यापायी लावलाय सायबांनी! दोन वर्सं राबल्यात त्याच्यामागं. आन् मग ह्या थंडीत कोयतं घिऊन सगळा कापून टाकलाय!"

याहून थोडक्यात आणि खरं कुणी सांगू शकलं नसतं. पद्मावतीनं स्कूटरच्या मागं डोकावून पाहिलं. पान दोन बोटांत धरलं. तिनं ओळखलं.

"हा आपल्या कुन्नूरचा?"

"हं."

"कापला कशानं?"

"कोयत्यानं."

"का?"

"खोडवा घ्यायचा होता."

ती आधी हसू दाबत होती. मग पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गोगलगायींची बादली ऐकल्यावर तर तिनं पदर तोंडात घातला. मीही हसलो. कित्येक दिवसांत आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो नव्हतो. हसण्याच्या भरात मला वाटलं, जिंकलो. फूल नाही तर नाही, पण ही राहतेय.

ती चहा करून घेऊन आली आणि आम्ही त्याच पायरीवर बसलो. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो. कुठं चुकलं, का चुकलं, युरियानं पानं कशी फोफावतात आणि फूल कसं मागं पडतं, यंदा काय करायचं, भिंतीला जाळी लावायची की नाही. ती ऐकत होती, वेलाकडं बघत.

"चहा गार झाला तुझा," मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "ह्यासाठीच."

"काय ह्यासाठीच?"

"ह्यासाठीच मी तिथं बसते." आवाजात राग नव्हता. "अहो, मला फुलांचं एवढं काय नव्हतं. बाक त्या भिंतीखाली आहे म्हणून तिथं बसते. गोठा असता तर गोठ्याशी बसले असते. तिथं माझा चहा गार झाला तर गार होतो. कुणी सांगत नाही. लग्न झाल्यापासून चहा गार झालेला कधी माझा मला कळलाच नाही हो. आधी तुम्हालाच कळायचा."

मी तोंड उघडलं. मी म्हणणार होतो की गार चहानं पित्त होतं, म्हणून सांगतो. तेवढ्यात ते मलाच ऐकू आलं आणि मी तोंड मिटलं.

"फोनवर तरी एकदा विचारलं असतं तुम्ही, 'पद्मा, तिथं बरं वाटतं का तुला?'" ती म्हणाली. "गॅसचंच विचारता."

त्यानंतरचे दिवस मी माझ्या परीनं गप्प राहायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी पोह्यांपर्यंत टिकलो. तिनं पोह्यांवर पाणी जास्त मारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी भांडी लावताना. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मजल गेली, तेव्हा ती दळण घेऊन निघाली आणि मी गेटपर्यंत जाऊन तिला कुठली गिरणी बारीक दळते ते सांगून आलो. रागानं तिनं काही म्हटलं असतं तर सोपं होतं. ती फक्त, "बरं," म्हणायची, फोनवर म्हणायची तसंच. त्या 'बरं'चा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. मला स्वतःचा फार राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ही परत जाणार होती. मी इथं 'सायब' म्हणवून घेत, दिवस मावळायच्या आत एकटा जेवत राहणार होतो, आणि भिंतीला, खुर्चीला, गोगलगायींना सल्ले देणार होतो.

जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. मी दारात उभा राहिलो.

"मी आलो तर तू बाक बदलशील का?"

तिनं हातातली साडी तशीच धरली. बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. माझं लग्न ठरवायला आम्ही गेलो होतो तेव्हाही तिनं इतकं निरखून पाहिलं नसेल.

"बाक लांब आहे," ती म्हणाली. "दोघं मावतात. यायचं असेल तर या. पण शेतकी अधिकारी इथंच ठेवून या."

"मग मी तिथं करू काय?"

"ते मला माहीत नाही. मी सांगणार नाही."

मी माझी बॅग काढून भरली. सवयीनं आत गेलेली छाटणीची कात्री तेवढी पुन्हा बाहेर काढून ठेवली.

सकाळी रिक्षा दारात आली. आकाराम किल्ली घ्यायला आला होता, त्यानं चांगला शर्ट घातला होता. वेलासमोर आम्ही दोघं उभे राहिलो. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. पावसाळ्यात चर कुठून काढायचा, जाळी कुठं ठोकायची, शेणखत किती, गोगलगायी कुठल्या प्लॉटवर. पद्मावती रिक्षापाशी रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

"असं करा आकाराम," मी सुरुवात केली. मग म्हणालो, "जमेल तसं पाणी घाला."

"आन् खत?"

"तुम्ही बघा."

"मी बघू?" आकाराम हादरला. "सायब, बरं वाटतंय न्हवं तुमास्नी?"

मी रिक्षात बसलो. आम्हाला मिरजेची बस धरायची होती, तिथून पुढं रेल्वे. रिक्षावाला पोरगा नवखा असावा. चौकात स्टँडला जायचा रस्ता सोडून त्यानं सरळ गाडी दामटली, थेट मार्केट यार्डाकडं, जिथं सकाळी गुळाच्या गाड्यांमुळं मुंगीलाही वाट मिळत नाही. मला दिसत होतं. माझी जीभ टाळूला लागून वळवळत होती. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो. एक चौक गेला, दुसरा आला. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला.

पद्मावतीनं मला कोपरानं ढोसलं.

"अहो, सांगा की त्याला," ती म्हणाली. "बस चुकेल आपली."

मी पुढं वाकलो आणि त्याला उजवीकडं वळायला सांगितलं.